मागून येणारी मोठीमाय

मोठीमाय कधी लेकराच्या पुढं चालली नाही. लग्नाची वरात असो, बाजाराची वाट असो की घरापासून विहिरीपर्यंतचं अंतर असो, सोबत एखादं पोर असलं की ती थांबायची, पदर सावरायची, चपलेत खडा गेल्याचं निमित्त करायची आणि पोराला पुढं जाऊ द्यायची. घरात त्याची थट्टा चालायची. देवीच्या दर्शनाला रांग लागली की लोकांची पोरं एकेक करून तिच्या पुढं सरकत जात आणि मोठीमाय दुपारपर्यंत दाराशीच. माझे वडील, म्हणजे अण्णा, म्हणायचे की वहिनी स्वर्गातसुद्धा शेवटी पोचणार, सगळ्या गावाची पोरं आधी आत सोडून. ती हसायची आणि पुन्हा मागंच राहायची.

ती माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. आमच्याकडे थोरल्या चुलतीला मोठीमाय म्हणतात. अंगानं किडकिडीत, आवाजानं मात्र दांडगी. पायात रबरी चप्पल असायची आणि तिचा एक पट्टा कायम तारेनं बांधलेला. त्यामुळं चालताना एक पाऊल मुकं पडायचं आणि दुसरं चट्ट वाजायचं. तो आवाज आम्हा पोरांना दुरून कळायचा. कैऱ्या पाडताना तो कानावर आला की आम्ही झाडावरून उतरून मोकळे व्हायचो.

तिची आणखी एक सवय होती, त्या सवयीची मात्र कुणी थट्टा करत नसे. चुलीपुढं भाकऱ्या थापता थापता ती मधेच म्हणायची, "हाय, चाल तू." घरात कुणी काही विचारलेलं नसायचं. कधी गोठ्यात शेण काढताना, कधी कापूस वेचताना. एवढंच म्हणायची आणि पुन्हा कामाला लागायची. माझी आई लगेच भांडी वाजवायची किंवा भलताच विषय काढायची. मोठीमायचा धाकटा गजा, माझ्याहून सहा इयत्ता पुढं, तो तर उठून बाहेरच जायचा. मी लहान होते, मला ती गंमत वाटायची. मी भाकरी खाता खाता तिची नक्कल करायचे, तेव्हा आईनं एकदा मला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं.

आमची वस्ती घनसावंगी तालुक्यात, कुंभार पिंपळगावच्या अलीकडं. वस्तीवर शाळा चौथीपर्यंत. पाचवीला पिंपळगावच्या हायस्कुलात जायचं म्हणजे बांधावरून, मग ओढ्यातून, मग कालव्याच्या कडेनं आणि शेवटी बाजाराच्या गर्दीतून. वस्तीवरच्या शाळेत गुरुजी आम्हाला नावानं आणि आमच्या बैलांनासुद्धा नावानं ओळखायचे. तिथं मात्र मोठी इमारत, दर तासाला वेगळे सर आणि अनोळखी पोरांचा गलबला. वस्तीवरची बरीच पोरं दिवाळीच्या आत परत यायची आणि गुरांमागं लागायची. कुणाला सरांची भीती वाटे, कुणाला पोरांची. मोठीमायचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणायची, "लेकरू साळेला न्हाई भेत. ते वाटंला भेतं. वाट घरची झाली की साळा आपोआप घरची होती."

म्हणून तिनं घरात एक रीत पाडली होती. ज्या पोराची पाचवी येणार, त्याच्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत दर रविवारी सगळ्या घरानं रानात जेवायला जायचं. शाळेचं नाव काढायचं नाही. धपाटे, दही, ठेचा, कांदा, सगळं फडक्यात बांधून ऊन व्हायच्या आत निघायचं आणि दर खेपेला त्याच वाटेनं थोडं पुढं जायचं. पहिल्या रविवारी बांधावरच्या लिंबाखाली, पुढच्या वेळी कालव्यापाशी, असं करत करत जूनपर्यंत पिंपळगाव. पुढं चालायचं पाचवीच्या पोरानं. कुठं वळायचं, कुठं बसायचं, कधी परतायचं, हे त्यानं ठरवायचं, आणि मोठ्या माणसांनी त्याचा शब्द मोडायचा नाही. चुकलं तरी सांगायचं नाही. सगळं घर मुकाट मागं चालायचं आणि सगळ्यांच्या मागं मोठीमाय.

गजाच्या वेळी या रितीनं आमची चांगलीच वरात निघाली. तो कालव्यावरून डावीकडं वळायच्या ऐवजी उजवीकडं वळला. थोरले चुलते, अण्णा, आई, मी, शेजारची म्हातारी, सगळ्यांना दिसत होतं की वाट चुकली, पण तोंड उघडायची सोय नव्हती. डोक्यावर धपाट्यांचं गाठोडं घेऊन आम्ही सगळे थेट एका मारवाडी शेटजींच्या मोसंबीच्या बागेत जाऊन उभे. शेटजींचं पिंपळगावात कापडाचं दुकान, घराणं पिढ्यान्‌पिढ्या इकडचंच. शेटाणीबाई बागेतल्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. एवढी माणसं बघून त्यांना वाटलं, लग्नाचा बस्ता बांधायला आलेत. गजा शरमेनं रडायला लागला. शेटाणीनं सगळ्यांना ओट्यावर बसवलं, ताक दिलं आणि आमचे धपाटे मागून घेऊन खाल्ले. निघताना मोठीमायनं गजाला सांगितलं, "रडू नको. बराबर चुकलास. आता या वाटंवर आपलं एक घर झालं."

आणि झालंही तसंच. गजा दहावीपर्यंत शाळेच्या मधल्या सुट्टीत शेटाणीच्या दुकानात पाणी प्यायला जायचा.

मग माझी पाचवी आली. त्या वर्षी वस्तीवरून पाचवीला जाणारी मी एकटी, आणि त्यात पोरगी. गजाचं शिक्षण संपलं होतं, त्यामुळं सोबत कुणी नाही. अण्णांचं मन नव्हतं. ते वाईट नव्हते, पण त्यांना भीती वाटायची आणि भीतीचं रूपांतर ते हुकमात करायचे. त्यांनी आईला सांगून टाकलं की जाऊ दे, पण एक दिवस जरी रडत घरी आली तरी दुसऱ्या दिवशी दप्तर माळ्यावर. मी रडकी म्हणून प्रसिद्ध होते. कोंबडीनं चोच दाखवली तरी रडायचे. आपली शाळा जून महिना संपायच्या आत संपणार, हे मला तेव्हाच कळून चुकलं होतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी मी सगळ्यांच्या पुढं चालत ओढ्यापाशी आले. ओढा कोरडा पडला होता. पांढरी स्वच्छ वाळू आणि काठाला करंजाची गार सावली. आजवरच्या प्रत्येक खेपेला मोठीमाय इथं घाई करायची. "चला, जल्दी चला, ऊन वाढून राह्यलं," असं म्हणत आम्हाला ओढा पार करायला लावायची. मला कधी कळलं नव्हतं की एवढी चांगली सावली सोडून आपण पुढच्या उन्हात का जातो. त्या दिवशी हुकूम माझा होता. मी वाळूत बसकण मारली आणि जाहीर केलं की आज इथंच जेवायचं.

कुणी हललं नाही. आईनं गाठोडं डोक्यावरून उतरवलंच नाही. थोरले चुलते कालव्याकडं बघायला लागले. गजा म्हणाला, पुढं चिंच आहे, तिथं बसू. अण्णा माझ्यावर ओरडले, उठ म्हणाले. मला रडू यायला लागलं, कारण रीत तर रीत होती आणि मी काही चुकीचं केलं नव्हतं. तेवढ्यात मागून चट्ट आवाज आला. मोठीमाय सगळ्यांच्या मधून पुढं आली, वाळूत माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तिनं सांगितलं ना. बसा समदे."

तिनं गाठोडं सोडलं. धपाट्याचे तुकडे करता करता ती बोलायला लागली. आवाज नेहमीचाच होता, म्हशीनं दूध कमी दिलं असं सांगावं तसा. "सुमी पाचवीत गेल्ती. माझी पोरगी. तुझ्या जन्माच्या आधी. साळा सुटल्यावर मी तिला आणायला गेल्ते. इथं पाऊस बिलकुल नव्हता. पाणी घोट्याएवढं. मी म्होरं, ती मागं. मी बोलून राह्यले व्हते, सयपाकाचं, गुरांचं, कशाकशाचं. त्या काठाला चढले अन् मागं पाह्यलं." तिनं तुकडे फडक्यावर मांडले. "वर कुठं तरी पाऊस झाल्ता. लोंढा आला अन् गेला. तिनं हाक मारली आसंल गं. हायेस का म्हणून इचारलं आसंल. मी बोलत व्हते. मला आयकू न्हाई आलं."

सुमी हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकलं. घरात ते कुणी उच्चारत नव्हतं. अण्णा उठून दूर वाळूत जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. मी दहा वर्षांची होते. मी म्हटलं, मोठीमाय, मग तू आता ओढ्यापाशी येत जाऊ नको. तिनं माझ्या हातात धपाटा दिला. "येणार," ती म्हणाली, "पर मागून येणार. तू मागं पाहू नको, पायाखाली पाहून चाल. भ्या वाटलं की इचार. मी हाय म्हणून सांगीन." आणि मग, मला अजून आठवतं, तिनं स्वतः पोटभर जेवण केलं. ओढ्यातल्या वाळूत बसून, सगळ्यांपेक्षा जास्त.

पुढच्या रविवारी अण्णा आणि थोरले चुलते पहार घेऊन आधीच निघाले. आम्ही पोचलो तेव्हा ओढ्यात मोठे सपाट दगड रांगेनं बसवलेले होते. अण्णांनी दप्तर माळ्यावर टाकण्याची गोष्ट मागं घेतली नाही, पण पुन्हा काढलीही नाही.

शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस ती चट्ट चट्ट माझ्या अगदी पाठीशी. मी पायाखाली बघत विचारायचे, "मोठीमाय, हायेस का?" आणि मागून यायचं, "हाय, चाल तू." मग अंतर वाढत गेलं. ती ओढ्यापाशी थांबायला लागली, नंतर बांधावरच्या लिंबाखाली. उत्तर बारीक होत गेलं, पण आलं नाही असं कधी झालं नाही. शाळेत मी रडायचे. नव्या सरांनी नाव विचारलं तरी रडायचे. पण येताना ओढ्यात तोंड धुवायचे आणि घरी कोरड्या डोळ्यांनी जायचे. अण्णा माझ्या चेहऱ्याकडं बघायचे आणि हुं म्हणून कामाला लागायचे.

मग एकदा शाळा सुटल्यावर मी ओढ्यापाशी आले आणि दगड दिसेनात. आभाळ कोरडं होतं, पाणी मात्र तांबडं, करंजाच्या खोडापर्यंत, आणि त्याला एक घुमणारा आवाज. पलीकडच्या काठावर मोठीमाय उभी होती. ती माझ्या पुढं आहे, असं मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला एकच कळत होतं की घर त्या बाजूला आहे, ती त्या बाजूला आहे, आणि आपल्याला तिकडं जायचंय. मी एक पाय पाण्यात घातला.

ती इतक्या जोरात ओरडली की बगळे उडाले. "पाय काढ. मागं फिर. शेटाणीच्या घरी जा." मी पाय काढला, पण फिरवेना. पाठ केली तर ती दिसणार नव्हती. पुन्हा आवाज आला, "फिर गं माय माझी. मी हाय ना." मी फिरले आणि चालायला लागले. पाण्याचा आवाज पाठीमागं, आणि मला वाटलं तो माझ्या मागं येतोय. मी पायाखाली बघत, न वळता ओरडले, "मोठीमाय, हायेस का?"

"हाय, चाल तू."

मी कालव्यापर्यंत विचारत गेले आणि ती पाण्यापलीकडून सांगत राहिली. पुढं पुढं शब्द कळत नव्हते, नुसता एक लांबट सूर येत होता. मोसंबीच्या बागेतल्या घरी पोचले तेव्हा शेटाणीनं मला आत घेतलं. पाय पुसले, गरम खिचडी दिली आणि दुकानाचा गडी ओढ्याकडं पिटाळला, पोरगी आमच्याकडं आहे म्हणून ओरडून सांगायला. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर अण्णा मला न्यायला आले. मी त्यांना बघून मोठ्यानं रडले. ते स्वतःच रडत होते, त्यामुळं दप्तराचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. आई सांगायची की तो गडी सांगून गेल्यावरही मोठीमाय अंधार पडेपर्यंत काठावरून हलली नाही, आणि तिचा आवाज बसला होता तरी ती हाय, हाय म्हणतच होती. ती कुणाला सांगत होती, हे कुणी विचारलं नाही. विचारायचं कारणही नव्हतं.

मी दहावी झाले, पुढं शिकले, लग्न होऊन जालन्याला आले. नवरा एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. चुलते गेल्यावर आणि गजा पुण्याकडं नोकरीला लागल्यावर मोठीमाय कधी त्याच्याकडं, कधी माझ्याकडं राहायला लागली. गुडघे गेले होते, ऐकू कमी यायचं. भिंतीला टेकून बसायची आणि मधूनच म्हणायची, हाय, चाल तू. माझी मुलगी स्वरा तिला विचारायची, कुणाशी बोलतेस गं? ती म्हणायची, एक लेकरू हाय वाटंवर.

यंदा स्वराची पाचवी. नवी शाळा मोठ्या रस्त्याच्या पलीकडं. लोखंडाचे ट्रक, टेम्पो, शिफ्ट सुटली की मोटारसायकलींचा लोट. मी रिक्षा ठरवायच्या बेतात होते. मोठीमाय म्हणाली, आधी चालत न्या. म्हणून उन्हाळ्यात दर रविवारी आम्ही निघालो. स्वरा पुढं, मागं आम्ही दोघं नवरा-बायको, डब्यात धपाटे. कधी मैदानाच्या कडेला बसलो, कधी बियाण्यांच्या गोदामासमोरच्या लिंबाखाली, आणि स्वरानं सांगितलं म्हणून एकदा चक्क पंक्चरवाल्याच्या बाकड्यावर. मोठीमायला चालवत नव्हतं, पण घरी राहायलाही ती तयार नव्हती. शेवटी शेजारच्या टेम्पोवाल्याला गळ घातली. त्याला तिची एकच अट होती, पोरीच्या पुढं गाडी न्यायची नाही. अख्ख्या रस्त्यानं आमच्या मागं तो टेम्पो गोगलगायीसारखा, त्याच्या मागं दहा गाड्या हॉर्न वाजवत, आणि आत मोठीमाय, पुढच्या सीटवर ताठ बसलेली. स्वरानं मान न वळवता विचारलं, "मोठीमाय, आहेस का?" तिला एवढ्या गोंगाटात ते कसं ऐकू गेलं देव जाणे, पण खिडकीतून उत्तर आलं.

शाळा सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत तिनं अंथरूण धरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, घरीच ठेवा. एका दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. डोळे मिटलेले, श्वास जड, आणि पांघरुणाखाली पाय हलत होते, एक जरा जोरात, एक हळू. ती कुठून तरी चालत होती. तिनं विचारलं, "मागं कोन हाय?"

जन्मभर उत्तरं देणाऱ्या बाईनं पहिल्यांदाच विचारलं होतं. मी तिचा हात धरून म्हटलं, "मी हाय, मोठीमाय. चाल तू."

तिनं मान हलवली, नाही म्हणून. "तू न्हाई गं," ती म्हणाली. "ती आली का?"

खोटं बोलायची हिंमत नव्हती आणि खरं सांगायची तर त्याहून नव्हती. दारात चप्पल वाजली. स्वरा शाळेतून आली होती, एकटी, पाठीवर दप्तर, तोंड उन्हानं लाल. तिनं पलंगाकडं बघितलं. तिला वाटलं असेल, हा नेहमीचाच खेळ आहे. एरवी 'हाय' न म्हणता कायम 'आहे' म्हणणाऱ्या माझ्या पोरीनं दप्तर न काढता, अगदी मोठीमायच्याच सुरात, उत्तर दिलं.

"हाय, चाल तू."

पांघरुणाखालचे पाय थांबले. मोठीमायच्या तोंडावरून काहीतरी उतरलं, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसं. त्यानंतर तिनं काही विचारलं नाही आणि दिवेलागणीच्या आधी ती गेली.

आता स्वरा रस्ता ओलांडून एकटी शाळेत जाते. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत मी तिच्या मागं जायचे, तेव्हा ती विचारायची. हल्ली विचारत नाही, आणि तसंच व्हायला पाहिजे. परवा मी कणीक मळत होते, तर हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, कुणाशी बोलतेस? मी म्हटलं, कुणाशी नाही. पण माझ्या तोंडून काय निघालं होतं, ते मला ऐकू आलं होतं. आणि त्याच्या आधी कुणीतरी विचारलं होतं, एवढं नक्की.